आलंच म्हणून समज

मांडव्याला लाँचमधून उतरलो आणि चोंढी मागे पडली, की मी नाकाला चिमटा लावून बसतो. थळला नानाकाकांच्या ओटीवर शिंक आली, तर ती माझी राहत नाही. ती माझ्या पणजोबांची होते.

"किती आल्या?" झोपाळ्यावरून प्रश्न येतो.

"तीन."

"लागोपाठ?"

"हो."

"तीनच ना? चौथी नाही?" नाना पाय टेकवून झोपाळा थांबवतात. "आमच्या आजोबांना तीनच यायच्या. चौथी उभ्या जन्मात आली नाही. पुढे दमा झाला. आलंच म्हणून समज."

मी गेली तीस वर्षं त्या दम्याची वाट बघतो आहे. नानांनी मला आजवर एकंदर पाच आजार वाटणीला दिलेत. त्यात पणजोबांचा दमा आहे, आईच्या वडिलांचं टक्कल आहे आणि कुणा चुलत आत्येची मूळव्याधही आहे. टक्कल तेवढं वेळेवर आलं. त्या वर्षी गणपतीत नानांनी माझ्या डोक्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती एसएससीचा निकाल लागल्यावर मास्तर हुशार पोराकडे बघतात ती नजर.

असे नाना गावोगाव असतात. कुठे ते मामा असतात, कुठे शेजारचे जोशीबुवा, कुठे सासूबाई. कुणी आजारी पडलं की बाकीचे लोक 'आता कसं वाटतंय' म्हणून विचारतात. ही माणसं विचारतात, 'कोणाकडून आलं?' ताप बापाकडून की आईकडून, हे ठरेपर्यंत त्यांना क्रोसिन द्यायचं सुचत नाही. त्यांच्या दृष्टीने माणूस आजारी पडत नाही. आजारच पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि वाटेत लागेल त्या माणसात मुक्काम करतो.

नाना पोस्टात होते. थळ बाजारापासून आगरापर्यंत आणि पुढे नवगावच्या वळणापर्यंत त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाले, सायकल गेली, पण कानावरचा पेन्सिलीचा तुकडा राहिला. त्या पेन्सिलीने ते वही लिहितात. हिशेबाची लांबोडकी वही, वर लाल फडकं. एका घराला एक पान. डावीकडे बापाकडची माणसं, उजवीकडे आईकडची, आणि प्रत्येकासमोर खुणा. साखरेला त्रिकोण, ब्लडप्रेशरला उभी रेघ, वेडाला नुसता ठिपका. ठिपका कुणाला दिसू नये म्हणून इतका बारीक, की नानांनाच हल्ली तो भिंगाने शोधावा लागतो.

जुन्या नोंदी मी चोरून वाचल्या आहेत. "पोटात दुखून गेला." "बाहेरचं झालं (?)." एका कोळ्याच्या नावापुढे "खांदेरीहून येताना होडी उलटून बुडाला" आणि त्याखाली वेगळ्या शाईत: "चुलताही बुडालेला. लक्ष ठेवणे."

बारशाला नानांना बोलावणं असतंच, कारण बोलावलं नाही तरी ते येतात. बायका पाळण्याशी जमून नाक कुणाचं नि डोळे कुणाचे यावर भांडत असतात. नाना चष्मा कपाळावर चढवून बाळाची कानाची पाळी तपासतात, पायाचा अंगठा दाबून बघतात, आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या त्या पोरीला सांगतात, "छान आहे हो. गुडघ्यांना जप. पन्नाशीनंतर धरतील." बाळ बारा दिवसांचं असतं. एकदा एका आजीने त्यांच्या हातातली घुगऱ्यांची वाटीच काढून घेतली होती.

शेजारच्या ओटीवर त्यांचे जन्माचे वादी बसतात. त्यांचं मत, सगळं पाण्यामुळे. पोट बिघडलं, पाणी. केस गळाले, पाणी. पोरगा नापास झाला, तरी विहीर उपसून घ्या. या दोघांचं भांडण रोज संध्याकाळी साडेपाचला चालू होतं आणि डास आले की संपतं. "अहो, एका विहिरीचं पाणी पिऊन एकाच भावाला का झालं?" "एका बापाचे दोघे, मग एकालाच का झालं?" जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा याच दोन प्रश्नांवर बसल्या आहेत, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते त्यांना नानांच्या नातीने सांगितलं आणि तिथून सगळं बिघडलं.

नात हैदराबादला जनुकांवर पीएच.डी. करते. ती जेव्हा लागली, तेव्हा नानांनी गावभर पेढे वाटले. पेढ्यापेक्षा बातमी गोड होती: नानांची वही आता सरकारी झाली! दिवाळीत ती आली तेव्हा नानांनी तिच्यासमोर फडकं सोडलं. तिने पानं चाळली, चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, हे पत्ते आहेत. पत्ता मिळाला म्हणजे घरात कोण राहतं, काय करतं, ते कळतं का?"

दुसऱ्या कुणाला हे बोलणं लागलं नसतं. पोस्टमनला लागलं. कारण याचं उत्तर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? थळच्या आगरात एका पत्त्यावर चार चुली असतात. पुढच्या घराच्या नावाने आलेली रजिस्ट्री मागच्या पडवीतल्या माणसाची निघते, आणि ज्याचं नाव पाकिटावर, तो डोंबिवलीला.

मग तिने झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसून समजावलं. माणसाच्या पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर. त्यात प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. त्यांचा मजकूर सगळा मिळून दोन टक्केसुद्धा नाही.

"आणि बाकीचं अठ्ठ्याण्णव टक्के टपाल कसलं?" नानांनी विचारलं. "छापील जाहिराती?"

"पूर्वी तसंच वाटायचं. आता त्यात बटणं सापडतायत. कुठलं जनुक कधी चालू करायचं, किती चालू करायचं, कुठल्या अवयवात बंद ठेवायचं. आणि आजारांशी जोडलेले बहुतेक फरक निघतात ते या बटणांच्या जागी. म्हणून नुसतं 'इथे फरक आहे' म्हणून भागत नाही. तो फरक करतो काय, ते बघावं लागतं. आम्ही तेच बघतो."

मग तिने एफटीओची गोष्ट सांगितली. २००७ मध्ये शास्त्रज्ञांना आढळलं, की या जनुकात एक विशिष्ट फरक दोन्हीकडून आलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी तीन किलो जड असतात. झालं, एफटीओ लठ्ठपणाचं जनुक ठरलं. जगभर त्याच्यावर आळ. काही वर्षं सगळे त्याच्याच मागे. मग २०१४ आणि २०१५ मध्ये उलगडलं, की तो फरक बसला आहे एफटीओच्या हद्दीत, पण बटण आहे दुसऱ्याचंच. ते चालवतं आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ नावाची जनुकं. त्यातलं पहिलंच पाच लाख अक्षरं पलीकडे. ती जास्त चालली, की चरबीच्या पेशी ऊर्जा जाळून उष्णता करायचं सोडून साठवत बसतात.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग एकदम मांडीवर थाप मारली. "अगो, हा आपल्या आगरातला पंप!"

तो पंप मलाही ठाऊक होता. दोन भावांत नारळ-सुपारीची वाडी वाटली गेली, विहीर धाकट्याकडे आली, पण पंपाचं बटण थोरल्याच्या पडवीत राहिलं. धाकट्याची टाकी भरून वाहायला लागली, की वाट चिखलाने भरायची आणि अख्खं आगर धाकट्याला शिव्या घालायचं. बिचारा शपथेवर सांगायचा, मी घरातच नव्हतो. आणि थोरला आपल्या पडवीत पान लावत बसलेला.

"बरोब्बर," नात म्हणाली. "फक्त इथे शिव्या थोरल्याला पडल्या, ज्याच्या पडवीत बटण होतं. टाकी वाहत होती धाकट्याची."

मी हा विषय पुढे चार ठिकाणी वाचला. पण पंपापेक्षा चांगलं मला कुणी समजावलेलं नाही.

त्यानंतर नाना सुधारले असं वाटत असेल, तर तुम्हाला असे नाना भेटलेले नाहीत. ही माणसं नवं ज्ञान घेतात ते जुन्या मताला टेकू म्हणून. आता ते 'रक्तात आहे' म्हणत नाहीत, 'बटण आहे' म्हणतात. माझा दमा अजून झाला नाही, कारण 'बटण अजून दाबलं गेलं नाही'.

थॅलेसेमिया या शब्दावर तर त्यांचा जीवच जडला. मूळ ग्रीक शब्द 'थालासा', म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत हा रक्ताचा आजार जास्त दिसला म्हणून हे नाव पडलं, एवढं नातीच्या तोंडून निघालं मात्र! "थालासा म्हणजे समुद्र. समुद्राकाठी आपलं थळ. नाव इथूनच गेलं असणार." ग्रीक लोक थळला कधी आले, असं मी विचारलं. "नवगावला बेने इस्राएल ज्यू उतरलेच ना?" हा वाद संपवणारा मुद्दा.

पण या वेडातून एक काम झालं, ते कबूल करायला हवं. नवराबायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असले, तर प्रत्येक मुलाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक. आणि वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. हे नानांनी ऐकलं आणि गावात पत्रिका जुळवायला बसलेल्या प्रत्येक मंडळीत घुसायला सुरुवात केली. "छत्तीस गुण जुळवा हो. पण आधी एचबीएटू जुळवा." सुरुवातीला लोकांना वाटलं, ही नवी टूम आहे. आता चार घरांत तरी मुलामुलीची एचबीएटूची रक्ततपासणी सुपारी फुटायच्या आत होते. आणि मुलीकडच्यांना आधी विचारायचं, हा रिवाज नानांनी मोडून काढला. "वाहक दोन्हीकडे लागतो. आधी मुलाचं काढा."

त्याच ओघात नातीने सांगितलं, की आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक ते बंद करतं. हे जनुक हळू चालणाऱ्या लोकांत सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असला तरी सौम्य राहतो, असं दिसून आलं. मग रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी काढून त्या जनुकाचं नेमकं रक्तपेशींतलं बटण कापायचं, पेशी परत घालायच्या, की बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या उपचाराला जगात पहिल्यांदा मंजुरी दिली.

"म्हणजे बंद केलेलं शाखा पोस्ट परत उघडलं," नाना म्हणाले. त्यांना खरोखर गहिवरून आलं होतं. "खर्च किती?"

"अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर ठेवली आहे."

नानांनी बोटांवर हिशेब केला. "एवढ्यात अख्खं थळ आलं असतं."

"आता नाही येणार," काकू आतून म्हणाल्या. मुंबईच्या बंगलेवाल्यांनी इथल्या गुंठ्याचे भाव कुठे नेले, ते काकूंना नेमकं ठाऊक असतं.

नानांची एक दुखरी जागा आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अजब रक्तगट शोधला, तो 'बॉम्बे' गट म्हणून जगभर ओळखला जातो. नातीने त्याचं वर्णन करताना सांगितलं, की ए आणि बी हे सदरे समजा, तर ते टांगायला आधी एच नावाची खुंटी लागते. या लोकांत ती खुंटी बनवणारं जनुकच काम करत नाही. सदरे असले तरी टांगणार कुठे? साध्या तपासणीत ते ओ वाटतात, पण ओचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक.

नानांना खात्री होती, आपण बॉम्बे. अलिबागला जाऊन तपासून आले. बी पॉझिटिव्ह. या देशात रस्त्यावर खडा मारला तर तो ज्याला लागेल त्याचा गट बी असायचा. आठ दिवस ते झोपाळ्यावर बसले नाहीत.

त्याची भरपाई नवगावने केली. तिथल्या बेने इस्राएल लोकांची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, त्यांचाच हा विस्तार. ही मंडळी तेल गाळायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून 'शनिवार तेली'. गावावरून आडनावं: नवगावकर, किहीमकर, थळकर. पुढे बहुतेक इस्राएलला गेले; दिमोना, अश्दोदहून येणाऱ्या पाकिटांवरची तिकिटं नानांनी जपून ठेवली आहेत. २०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातले ज्यू आणि भारतीय, दोन्हींचा वारसा त्यात दिसतो, आणि ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी, असा निष्कर्ष होता. नातीने हे वाचून दाखवलं, तेव्हा नानांनी आधी तिकिटांचा डबा काढला, मग वही काढली, मग पाणीवाल्यांच्या ओटीकडे तोंड करून म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" खरं तर त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण तेहतीस पिढ्यांमागचं टपाल पोचल्याचा आनंद त्यांना झाला होता, आणि तो मोडायचं कुणाच्या जिवावर आलं नाही.

आता मधुमेह. आमच्या घराण्याच्या पानावर त्रिकोणांची माळच आहे. पणजोबा, आजोबा, नानांचे दोघे भाऊ. त्यामुळे नानांनी तिशीतच जाहीर केलं होतं, आलंच म्हणून समजा. आणि येणारच आहे तर दोन मोदक जास्त खायला काय हरकत आहे, हेही. पन्नास वर्षं ते साखर यायची वाट बघत साखर खात आले. काकू त्यांच्या ताटातलं उरलंसुरलं संपवत आल्या, टाकायचं कसं म्हणून.

काकू नागावच्या. त्यांच्या माहेराचं पान वहीत जवळजवळ कोरं आहे. "सगळे म्हातारे होऊन मेले," नाना सांगतात. "अभ्यासासारखं काही नाही."

गेल्या वर्षी पंचायतीच्या सभागृहात रक्ततपासणीचं शिबिर झालं. नाना सगळ्यांत आधी नंबर लावून बसले, पेन्सिल टोकदार करून. निकाल आला. नानांच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ५.४. काकूंची ८.१.

नानांनी कागद उलटा करून बघितला. नावं बदलली असतील म्हणून परत पाठवला. परत तेच आकडे आले. तेव्हा ते जे बोलले, ते एखाद्याला वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव नाही असं कळल्यावर तो बोलेल, तसं होतं. "तीन पिढ्यांची साखर! गेली कुठे?"

नातीला फोन लागला. तिने धीर दिला. मधुमेहाशी जोडलेले असे शेकडो फरक आहेत, म्हणाली. त्यातला सगळ्यांत ठळक टीसीएफ७एल२, पुण्याच्या केईएममधल्या लोकांवरही तो तपासलेला आहे. पण तोसुद्धा धोका दीडपटीच्या आसपास वाढवतो, निकाल देत नाही. मग तिने डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगितली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचे फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. दिसायला सडपातळ, आतून चरबी. आणि याची सुरुवात पोटात असतानाच होते. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्या बाळांचं वजन कमी, पण चरबी त्या मानाने जपलेली.

"आजीचं जन्मतः वजन किती होतं?" नातीने विचारलं.

फोन स्पीकरवर होता. ओटीवर कुणी बोलेना. नानांनी वही उघडली, मिटली.

"मी सातव्या महिन्याची," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. "कापसात ठेवली होती मला. आई सांगायची, सुपात मावायचे मी."

पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वहीत कोण कुणाचा आहे ते आहे. कोण कसं वाढलं, काय खाल्लं, कुणाच्या ताटातलं खाल्लं, याला रकानाच नव्हता. नानांनी फूटपट्टी मागितली आणि उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली. डोक्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'कापूस' लिहिलं.

आता थळला गेलं की पहिला प्रश्न, "तू किती महिन्यांचा?" मागच्या खेपेला मी ओटीवर पाय ठेवला आणि तो प्रश्न यायच्या आधीच शिंक आली. मग दुसरी. तिसरी. नाना झोपाळा थांबवून, नेहमीच्या समाधानाने मान हलवत होते.

चौथी आली.

नानांचा चेहरा पडला. कानावरची पेन्सिल हातात आली. "चौथी? ही कोणाकडची?" मला पाचवी आली. शेजारच्या ओटीवर पाणीवाले शिंकले. मग खुद्द नाना शिंकले, लागोपाठ सहा वेळा, आणि डोळे पुसत आश्चर्याने स्वतःकडेच बघायला लागले.

आतून काकूंचा आवाज आला, "मधलं दार लोटून घ्या रे. मिरच्या भाजत्येय."